संत्र्याच्या बागेतून परराष्ट्र धोरणाकडे: सुरुवात कुठून करायची

बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं की वरूड-मोर्शीत बागेचा सौदा मोडतो. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ही सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत नेली, म्हणजे यवतमाळ-वर्ध्यात ऐन वेचणीच्या दिवसांत. अशा निर्णयांआधी कोणीतरी टिपण लिहितं, कोणीतरी संसदेत प्रश्न टाकतं, कोणीतरी दुसऱ्या देशाशी बोलतं. ही तिन्ही कामं शिकता येतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणण्याआधी एक विषय हाती घेऊन शेवटपर्यंत न्या. संत्र्याचाच घेऊ.

आधी विषय कोणाच्या अखत्यारीत येतो ते ठरवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की लोक आमदारांना निवेदन देतात. पण परदेशाशी व्यापार हा केंद्राचा विषय आहे, विधानसभेत त्यावर प्रश्न स्वीकारला जात नाही. राज्याकडे मागायचं ते अनुदान, साठवणूक, प्रक्रिया उद्योग. दुसऱ्या देशाने लावलेल्या शुल्काची बोलणी वाणिज्य मंत्रालय करतं, ढाक्यातलं उच्चायुक्तालय परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि आपल्या देशातल्या आयात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची. कागद चुकीच्या मंत्रालयात गेला की नुसता फिरत राहतो.

मग आकडे. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वस्तूनिहाय आणि देशनिहाय निर्यात मिळते, पण वस्तूचा सांकेतिक क्रमांक लागतो. नागपुरी संत्रं हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे मँडरिन, त्याचा क्रमांक 080521. साध्या ऑरेंजचा 080510. दोन्ही काढून पाहा, कारण माल कोणत्या क्रमांकाखाली नोंदवला गेला ते आधी सांगता येत नाही. वजन आणि किंमत दोन्ही घ्या, किंमत डॉलरमध्ये. रुपया घसरला की रुपयातली किंमत फुगते आणि निर्यात वाढल्याचा भास होतो. वर्ष एप्रिल ते मार्च धरा. आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार त्यात बसतात.

आता टिपण, एकाच पानाचं. काय बदललं, कधी बदललं, कोणाला किती फटका बसला, आणि नेमकी मागणी काय. ‘शासनाने लक्ष घालावं’ ही मागणी नव्हे. ‘पुढच्या द्विपक्षीय व्यापार बैठकीच्या विषयपत्रिकेत संत्र्याचं शुल्क घ्यावं’ ही मागणी आहे.

ते टिपण खासदारांच्या कार्यालयात द्या, आणि सोबत तयार प्रश्नही द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना उत्तराच्या तारखेआधी किमान 15 पूर्ण दिवस द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. शब्दमर्यादा 150. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न 20, अतारांकित 230. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतो. आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा, उत्तर लेखी मिळतं. मांडणी अशी ठेवा: (क) बांगलादेशाने संत्र्यावरील शुल्क वाढवल्याची सरकारला माहिती आहे काय, (ख) असल्यास, गेल्या 3 वर्षांत निर्यातीवर झालेला परिणाम, वर्षनिहाय, (ग) याबाबत त्या देशाशी चर्चा झाली काय, तपशील काय. आरोप, मतप्रदर्शन, किंवा सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती विचारली की प्रश्न फेटाळला जातो. त्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर जुनी उत्तरं शोधा. दुसऱ्या खासदाराने तेच विचारलेलं असेल, तर त्या उत्तरात जे टाळलं आहे तेच तुमचा प्रश्न.

अशी दोन-तीन टिपणं हातात असली की नोकरीच्या वाटा उघडतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे, वय 25 पर्यंत. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम करायचं. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं आणि दूतावासांत नेमणुका मिळतात. आपल्याकडे या पदाची चर्चा फारच कमी होते, खरं तर ती घरोघरी व्हायला हवी.

परराष्ट्र सेवा मात्र यूपीएससीतूनच. खुल्या गटाला 32 वर्षांपर्यंत 6 प्रयत्न, इतर मागासवर्गाला 35 पर्यंत 9, अनुसूचित जाती-जमातींना 37 पर्यंत, प्रयत्नांची मर्यादा नाही. उत्तरं आणि मुलाखत मराठीत देता येतात, मराठी साहित्य वैकल्पिक विषय घेता येतो. पोरं अडकतात दोन ठिकाणी. पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये, म्हणजे गणित, तर्क आणि आकलनाच्या पेपरात, 200 पैकी 66 गुण लागतातच, म्हणून कला शाखेवाल्यांनी रोज गणित करावं. मुख्य परीक्षेतल्या इंग्रजीच्या अर्हता पेपरात 300 पैकी 75 मिळाले नाहीत, तर बाकीचे गुण धरले जात नाहीत. पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर लिहायला विसरू नका. शिकवणीसाठी नागपूर आणि अमरावतीची शासकीय प्रशिक्षण केंद्रं आहेत, इतर मागासवर्गासाठी नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती आहे, अनुसूचित जातींसाठी बार्टीच्या आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथीच्या योजना आहेत. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी, स्पॅनिशसारख्या भाषा शिकवतात. निवडीनंतर एक परदेशी भाषा शिकावीच लागते, पण व्यापारी संघटनांत ती आधीच कामाला येते.

राहिलं लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेला पाठपुरावा. भारतात त्यासाठी वेगळा नोंदणी कायदा नाही. अमेरिकेत आहे, तिथला सध्याचा 1995 चा. इथे हे काम फिक्की, सीआयआय यांसारख्या उद्योग संघटना आणि कंपन्यांचे धोरण विभाग करतात. टिपण देणं, समितीपुढे म्हणणं मांडणं कायदेशीर आहे. संसदीय समित्या जाहिरात देऊन निवेदनं मागवतात, तिथे शेतकरी उत्पादक कंपनीही लिहू शकते. पैसे देऊन प्रश्न विचारून घेणं हा गुन्हा आहे. डिसेंबर 2005 मध्ये याच कारणावरून 11 खासदारांना संसदेतून काढलं गेलं, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट आरोपी ठरतो. म्हणून टिपणावर ते कोणासाठी लिहिलं आणि त्याचा खर्च कोणी केला, हे पहिल्याच ओळीत लिहा.