निवृत्तीचे 50 लाख कुठे कसे ठेवायचे?

पीएफ आणि ग्रॅच्युइटी खात्यात पडली की आठवड्याभरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. जास्त व्याज कोण देतंय हे नंतर बघू. आधी कोणता पैसा कधी लागणार ते ठरवा.

समजा वय 60, हातात 50 लाख, महिन्याचा खर्च 40 हजार. घराचं किंवा गाडीचं कर्ज शिल्लक असेल तर या रकमेतून ते आधी फेडा. खालचा हिशेब कर्ज नसल्याचा आहे.

1. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे साधारण अडीच लाख, बचत खात्यात आणि स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा आपोआप मोडणारी एफडी) राहू द्या.

2. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख टाका. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, मुदत 5 वर्षं. 8.2 टक्क्यांनी (2025 मधला दर) तिमाहीला 61,500 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 20,500. खातं उघडताना असलेला दर मुदतभर टिकतो, पण व्याज करपात्र आहे. वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याजही मुद्दलातून कापून घेतात. म्हणून पायरी 1 वगळू नका. वय 55 ते 60 असेल आणि निवृत्ती झाली असेल, तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडावं लागतं.

3. दहा लाखांच्या पाच एफडी करा: दोन-दोन लाखांच्या, 1, 2, 3, 4 आणि 5 वर्षांच्या. दरवर्षी एक सुटते, महिन्याला 16-17 हजारांची भर पडते, वर व्याज वेगळं. इथे लोक हमखास चुकतात ते सगळं एकाच बँकेत ठेवून. ठेव विमा (बँक बुडाली तर मिळणारी भरपाई) एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच आहे, आणि शाखा बदलली तरी हिशेब एकच. त्यामुळे एका बँकेत चार लाखांवर जाऊ नका, तीन बँका धरा. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागूच नाही. गावातली ओळखीची, संचालक पाहुण्यातले, तरीही नाही.

4. उरलेले साडेसात लाख महागाईशी झुंजण्यासाठी, कारण पायरी 2 चं व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार. एकदम शेअर बाजारात ओतू नका. लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) ठेवा आणि एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप वळवण्याच्या सोयीने, दरमहा 30 हजार इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) वळवा. 25 महिन्यांत काम होतं. डायरेक्ट प्लॅनच घ्या, म्हणजे मधल्या एजंटचं कमिशन नसलेला. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही. ते जमणार नसेल तर ही पायरी सोडून एफडी वाढवा.

सही करण्याआधी फॉर्मवर ‘पॉलिसी’ किंवा ‘प्रीमियम’ हे शब्द शोधा. काउंटरवर एफडी म्हणून सांगितलेली गोष्ट बऱ्याचदा विमा निघते. चुकून घेतलीच, तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी अर्ज देऊन परत करता येते. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.