दत्तकाआधी कागदावरचा बाप कोण, ते पाहा

"माह्यापाशी सोडचिठ्ठी हाये ना ताई," असं म्हणत बाया पिशवीतून घडी पडलेला शंभराचा स्टॅम्प काढतात. पाट म्हणजे दुसरं लग्न लागलेलं असतं, नवा नवरा पोराला सायकलवर शाळेत नेऊन सोडतो, आता त्याला ते रीतसर दत्तक घ्यायचं असतं. मी स्टॅम्प बाजूला ठेवते आणि दोनच तारखा विचारते: पहिल्या लग्नाची आणि पोराच्या जन्माची.

लग्न कायम असताना किंवा ते मोडल्यापासून 280 दिवसांच्या आत, आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर कायदा ते त्या नवऱ्याचंच धरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 116 तेच सांगतं. हे खोडायचं तर गर्भ राहिला असता त्या दिवसांत दोघांची गाठच पडणं शक्य नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. नुसता संशय घेऊन डीएनए चाचणी मागितली तर कोर्ट सहसा देत नाही. आणि सोडचिठ्ठी? जातीचा तसा रिवाज सिद्ध झाला तरच ती घटस्फोट ठरते. नाहीतर पाटही कच्चा आणि सावत्र बापही. म्हणून कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा नसेल तर सुरुवात तिथूनच करा.

मग ग्रामपंचायतीतून जन्मदाखला काढा आणि वडिलांचा रकाना नीट वाचा. लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाचा तो रकाना रिकामा असला तरी घाबरू नका, पालक आईच असते. तिथं नव्या नवऱ्याचं नाव घुसडू नका, पुढं तेच अंगावर येतं.

जन्मदाता जिवंत असेल तर त्याची संमती बाल कल्याण समितीसमोर लागते. पोराच्या ताब्याचा खटला चालू असेल तर आधी तो निकाली निघू द्या. बाप वारला असेल तर मृत्यूदाखला घ्या आणि त्याच फेरीत तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर पोराची वारसनोंद करून घ्या. दत्तकानं जुन्या घराशी नातं तुटतं, पण आधीच पोराच्या वाट्याला आलेलं वावर त्याचंच राहतं. हे काम नंतरवर टाकलं की काका लोक फार गोड बोलतात.

कारा म्हणजे दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था; तिच्या पोर्टलवरच्या नोंदणीला जिल्हा बाल संरक्षण कक्षात मदत मिळते. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. पोराची मर्जीही पाहिली जाते, तेव्हा घरी आधी त्याच्याशी बोला. हिंदू दत्तक कायद्यानं मुलगी घ्यायची असेल तर बाप तिच्याहून किमान 21 वर्षांनी मोठा हवा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या. बाईला तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही.