पॉवर अँप पहिल्यांदा चालू करताना

घरी बांधलेला क्लास एबी प्रकारचा अँप (ऑडिओ अँप्लिफायर) थेट मेनला लावू नका. फेजच्या वायरमध्ये 60 वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीज जोडा. एलईडी इथे चालत नाही. स्पीकर काढा, इनपुट शॉर्ट करा. बायस म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट. तो ठरवणारा प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) बायसच्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरच्या बाजूला असेल तर तो कमाल रेझिस्टन्सला ठेवा, म्हणजे करंट कमीत कमी राहतो.

चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. लख्ख पेटूनच राहिला, तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा आउटपुट ट्रान्झिस्टरला हीटसिंकपासून इन्सुलेट करणारा माइकाचा पातळ तुकडा फाटलेला असतो, किंवा स्क्रूचा इन्सुलेटिंग बुश बसवायचा राहिलेला असतो. हीटसिंक ते कलेक्टर शॉर्ट नाही ना, हे मीटरने तपासाच. हात घालण्याआधी सप्लायचे कॅपॅसिटर 1 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने मिनिटभर रिकामे करा.

आउटपुटवर डीसी 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर बल्ब काढा आणि मग बायस लावा. 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 11 मिलिव्होल्ट म्हणजे 50 मिलिअँपिअर. प्रीसेट केसभरच फिरवा. वीस मिनिटांनी हीटसिंक तापल्यावर पुन्हा मोजा. आकडा चढतच राहिला तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट चिकटलेला नाही. तो तसाच ठेवलात तर आउटपुटची जोडी जळणार.

इनपुट शॉर्ट असतानाही झोबेलचा (आउटपुटवरच्या रेझिस्टर-कॅपॅसिटर जोडीचा) 10 ओहमचा रेझिस्टर तापत असेल तर सर्किट ऑसिलेट होतंय, म्हणजे स्वतःच हाय फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करतंय. अशा वेळी स्पीकर अजिबात जोडू नका.