सेटिंगच्या फाइलचा साचा बदलला तरी न अडणारं टूल कसं बनवावं

यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातल्या गावातलं तूर-सोयाबीनचं खरेदी केंद्र डोळ्यांसमोर आणा. काट्याला जोडलेला एक जुना संगणक, नेटचा भरवसा नाही, अपडेट पेनड्राइव्हने येणार. अशा ठिकाणी एकाच सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारशेजारच्या गावांत एकाच वेळी चालतात. सेटिंगची फाइल वाचणारं आणि बदलणारं टूल हे गृहीत धरूनच लिहावं लागतं.

१. फाइलच्या पहिल्याच ओळीत साच्याचा आवृत्ती क्रमांक लिहा. प्रोग्रामचा नाही, साच्याचा. क्रमांक नसलेली फाइल सगळ्यात जुनी समजा.

२. अर्थ बदलला की नावही बदला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच. समजा जुन्या फाइलमध्ये ‘बारदाना: ०.६’ आहे, म्हणजे पोत्यामागे ०.६ किलो वजा. पुढे कोणी ठरवलं की सगळं ग्रॅममध्ये ठेवायचं, पण नाव ‘बारदाना’च ठेवलं. आता जुन्या प्रोग्रामला ६०० मिळाले तर पोत्याचं वजन उणे येईल आणि काट्यावरचा भाऊ लगेच ओरडेल. उलट झालं तर घात आहे: नवा प्रोग्राम ०.६ ला ग्रॅम समजेल, बारदाना जवळपास वजाच होणार नाही, आणि हिशेब जुळवेपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. ‘बारदाना_ग्रॅम’ असं नवं नाव दिलं की ही गफलत होतच नाही.

३. रूपांतर एकेक पायरीने करा: १ वरून २, २ वरून ३. बाकीच्या प्रोग्रामला फक्त शेवटचं रूप दिसू द्या. ‘फाइल जुनी असेल तर’ अशा अटी कोडभर पसरल्या की सहा महिन्यांनी त्यांना हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. फाइलच टूलपेक्षा नवी असेल तर तिला हात न लावता, साध्या मराठीत तसं सांगून थांबा.

४. न ओळखलेल्या नोंदी आणि माणसाने लिहिलेल्या टिपा जपा. ‘सेन्सर दिवाळीनंतर बदलला’ ही ओळ मशीनच्या कामाची नसली तरी दुरुस्तीला येणाऱ्याला तोच आधार असतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं, सेटिंगच्या फाइली वाचणारं कॉन्फिगपार्सर फाइल परत लिहिताना टिपा गाळतं. रुआमेल यामल ही पायथॉनची लायब्ररी आणि ऑगियस हे सेटिंगच्या फाइली बदलणारं टूल त्या राखतात.

५. यामल (सेटिंग साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत) वापरत असाल तर ०१२ सारखे केंद्र क्रमांक अवतरणचिन्हांत लिहा. यामलच्या १.१ आवृत्तीच्या नियमांनी ०१२ हा अष्टमान (आठच्या पटीत मोजलेला) आकडा ठरतो, म्हणजे १०. २००९ मध्ये आलेल्या १.२ मध्ये तो १२ वाचला जातो. यामल वाचणारी पायथॉनची लायब्ररी पायामल आजही १.१ च्याच वाटेने जाते.

६. लिहिताना वीज जाणारच असं धरा. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कवर खरोखर उतरवा, आणि मग नाव बदलून मूळ फाइलच्या जागी आणा. रूपांतराआधीची प्रत वेगळी ठेवा.

७. गावोगावच्या खऱ्या फाइली, शेतकऱ्यांची माहिती काढून, चाचणीसाठी जमवा. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर चढवण्याआधी त्या सगळ्या वाचून, लिहून, पुन्हा वाचून पाहा. एखादा जुना साचा बंद करायचा असेल तर खरेदीचा हंगाम संपल्यावरच करा.