लेआउटच्या मैदानात पोरांना मोकळं सोडताना

नियम तीनच ठेवा: गेटबाहेर विचारून जायचं, विजेच्या उघड्या डीपीला आणि लोंबत्या वायरला हात लावायचा नाही, गाजर गवताच्या रिकाम्या प्लॉटमध्ये शिरायचं नाही. दहा नियम सांगितले की एकही पाळला जात नाही.

झाडावर चढू द्या, पण उचलून चढवू नका. स्वतः चढलेलं पोर सहसा स्वतः उतरतं, वर ठेवलेलं अडकतं. फांदी पोराच्या दंडापेक्षा जाड हवी आणि दोन पाय, दोन हात यांतले तीन कायम टेकलेले. कडुनिंब, चिंच चालेल. शेवगा मात्र नको, जाड दिसणारी फांदीही कटकन मोडते. जांभळाचंही तेच. खालून ‘पडशील, पडशील!’ ओरडू नका. पोर तुमच्याकडे बघतं आणि पाय सुटतो. ‘डावा पाय खालच्या खोबणीत’ असं नेमकं सांगा.

नागपूरच्या मे महिन्यात लोखंडी घसरगुंडी सकाळी दहालाच चटका देते. तळहात राठ असतो, म्हणून हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. नाही टिकली तर खेळ साडेपाचनंतर. खाली ३० सेंटिमीटर वाळू हवी. पावसाने ती दगडासारखी बसते, तेव्हा महिन्यातून एकदा कुदळीने मोकळी करा. कठड्याच्या दोन गजांत ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. धड निघून जातं, डोकं अडकतं. गळ्यातली ओढणी, दोरी आधी काढायची.

संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा मोठ्यांनीच काढावा.

खरचटलं तर साबणपाणी पुरे.