ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी एक्झॉस्टची गळती बघा

जुन्या पेट्रोल ट्रकचा चेक इंजिन दिवा लागतो, स्कॅनर 'मिश्रण पातळ' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणतो, आपण ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलतो आणि दिवा पुन्हा लागतो. माझंही असंच झालं होतं. सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्टला चीर असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचा कौल देतो.

१. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करा आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाच्या) जोडापाशी टिकटिक येते का ऐका. तापल्यावर धातू फुगून बारीक चीर मिटते, मग काहीच ऐकू येत नाही. म्हणून सकाळची पहिली दोन मिनिटं महत्त्वाची.

२. इंजिन बंद करून टॉर्चने गॅस्केटची (त्या जोडातल्या सीलची) कड बघा. काजळीची काळी रेघ दिसली की गळती तिथेच.

३. गळती नसेल तर इंजिन तापवून पुढच्या (इंजिनाजवळच्या) सेन्सरचं व्होल्टेज बघा. ते ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखं वरखाली व्हायला हवं. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबूनही आकडा हलत नसेल, तर आधी वायर तपासा, मग सेन्सर.

हे सगळं उघड्यावरच करा, बंद गॅरेजमध्ये नको. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.