रॅमचे ओव्हरक्लॉकिंग करताना या चुका टाळा

रॅमचा वेग वाढवताना होणारी चूक प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगमधील चुकीपेक्षा वेगळ्या प्रकारची असते. प्रोसेसरला वेग झेपेनासा झाला की मशीन बहुधा लगेच अडकते किंवा बंद पडते; रॅम मात्र एखादा बिट चुकीचा परत देऊनही चालतच राहते, आणि ती चूक कित्येक आठवड्यांनी एखाद्या फाइलमध्ये सापडते. मदत मागायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘विंडोज सुरू होते, गेमही चालतो, म्हणजे सेटिंग स्थिर आहे ना?’ या प्रश्नाला माझे उत्तर गेली अनेक वर्षे ‘नाही’ असेच आहे, कारण विंडोज सुरू होणे ही स्थिरतेची परीक्षाच नव्हे.

चाळीस मिनिटांची चाचणी

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्याकडे डीडीआर४ पिढीच्या रॅमचा ३६०० वेगाचा, सीएल १६ चा संच होता (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो मिळू लागेपर्यंत जाणारे क्लॉक, म्हणजे रॅमचे ठोके). मी तो ३८०० वर नेला, मुख्य टायमिंग, म्हणजे रॅमच्या निरनिराळ्या क्रियांसाठी थांबायचे क्लॉक, १६-१६-१६-३६ ठेवली, व्होल्टेज १.४५ केले आणि शेवटी टीआरईएफआय, म्हणजे दोन रिफ्रेशमधील (साठवलेला डेटा ताजा करण्याच्या दोन वेळांमधील) अंतर, मदरबोर्ड देत होता तितके कमाल, ६५५३५ वर नेऊन ठेवले. रात्री चाळीस मिनिटे चाचणी चालवली. एकही एरर आला नाही. मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रोफाइल जतन केले आणि काम संपले असे समजलो.

तीन आठवड्यांनी जुन्या डिस्कवरील छायाचित्रांचा संग्रह नव्या डिस्कवर हलवायचा होता. कॉपी चालू असताना ग्राफिक्स कार्डवर एका व्हिडिओचे रेंडरिंगही चालू होते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून पाहण्याची मला सवय आहे, आणि त्या दिवशी काही हजार फाइलींपैकी दोन जुळल्या नाहीत. त्यांतील एक फाइल मी मूळ फाइलशेजारी उघडून बाइट-बाइट पडताळली. फरक अवघ्या एका बाइटचा होता: ७४ च्या जागी ७२. म्हणजे २ ही किंमत असलेला एकच बिट १ चा ० झाला होता. त्या एका बिटामुळे छायाचित्राचा खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांनी भरून गेला होता.

कारण शोधायला दोन दिवस लागले. चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड होते आणि रॅमच्या स्टिकवरील सेन्सर ४१ अंश दाखवत होता. रेंडरिंग चालू असताना त्याच कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर जाऊन तापमान ५६ अंशांवर पोहोचत होते. तीच चाचणी ग्राफिक्स कार्डावर भार ठेवून पुन्हा चालवली, तेव्हा अकराव्या मिनिटाला पहिला एरर आला.

यामागची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. डीरॅमचा, म्हणजे संगणकातील नेहमीच्या रॅमचा, प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील चार्जवर टिकून असतो. तो चार्ज सतत गळतो, आणि तापमान वाढले की गळती वेगाने वाढते. म्हणून डीडीआर४ च्या प्रमाणानुसार प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजी केली जाते, ज्यासाठी सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा द्यावी लागते. ३८०० वेगाला (क्लॉक त्याच्या निम्मा, १९०० मेगाहर्ट्झ, असतो) हे अंतर सुमारे १४,८२० क्लॉकचे होते. मी ते ६५५३५ केले, म्हणजे ३४.५ मायक्रोसेकंद, त्यामुळे प्रत्येक ओळीची पाळी ६४ ऐवजी सुमारे २८० मिलिसेकंदांनी येऊ लागली. थंड स्टिकमध्ये चार्ज तेवढा वेळ टिकत होता, गरम स्टिकमधील सर्वांत कमकुवत कपॅसिटरमध्ये टिकला नाही. रिफ्रेश कमी झाल्याने बँडविड्थ (सेकंदाला वाहून नेला जाणारा डेटा) आणि लेटन्सी (डेटा मागितल्यावर होणारा विलंब) थोडी सुधारते हे खरे. पण तो लाभ कोणत्या तापमानाला घेत आहोत हे मी पाहिलेच नव्हते.

जुनी डिस्क अद्याप पुसलेली नव्हती, म्हणून ती दोन छायाचित्रे वाचली. मधल्या तीन आठवड्यांत मी ज्या फाइली संपादित करून जतन केल्या, त्यांच्याशी ताडून पाहायला मात्र दुसरी प्रत नव्हती. त्यांतील किती बिघडल्या असतील, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. विंडोज सुरू करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर, कारण बिघडलेल्या रॅमवर विंडोज उघडणे म्हणजे तिच्या फाइली पणाला लावणे होय. ते पार पडले की रात्रभर टेस्टमेम५ ही विंडोजमधील रॅमचाचणी. नंतर प्रोसेसर आणि मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधील रॅम हाताळणारा भाग) या दोघांनाही ताण देणारे वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ ची लार्ज एफएफटी ही चाचणी, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार. स्टिकचे तापमान मी सतत पाहतो. शेवटी मशीन रात्रभर पूर्ण बंद ठेवून सकाळी पुन्हा सुरू करतो, कारण थंड अवस्थेतून सुरू होताना मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ती प्रक्रिया) वेगळे लागू शकते आणि रात्री स्थिर असलेले सेटिंग सकाळी अस्थिर निघू शकते. ‘आठ तासांत एकच एरर आला, चालेल का?’ असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे आहे की चालणार नाही. तो एक एरर तुमच्या कोणत्या फाइलमध्ये जाऊन बसेल, हे तुम्ही ठरवू शकत नाही.

दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे भरणे

नवशिक्यांची घाई सर्वांत स्पष्ट दिसते ती येथे. कोणाच्या तरी स्क्रीनशॉटवरून तीस टायमिंग एका बैठकीत भरायची, मशीन सुरू झाले नाही की रॅमला दोष द्यायचा. एकाच नावाच्या रॅममध्ये वेगवेगळ्या खेपांत सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉन यांपैकी कोणाचीही चिप असू शकते, आणि सॅमसंगच्या बी-डाय प्रकारच्या चिपला सहज जमणारी टीआरसीडी (ओळ उघडून तिच्यातून वाचेपर्यंतचा वेळ) किंवा टीआरएफसी (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) दुसऱ्या चिपला कितीही व्होल्टेज दिले तरी जमत नाही. शिवाय मेमरी कंट्रोलर प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा असतो.

मी आधी सैल टायमिंग ठेवून वेग ठरवतो, मग सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस ही चार मुख्य टायमिंग आवळतो, त्यानंतर टीआरएफसी, मग उरलेली दुय्यम टायमिंग, आणि सर्वांत शेवटी रिफ्रेशचे अंतर. एका वेळी एकच बदल करतो आणि प्रत्येक बदल वहीत लिहितो. याला दोन-तीन दिवस लागतात. ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही, त्यांनी एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या उत्पादकाने आधीच भरून दिलेले प्रोफाइल लावून थांबावे, त्यात कमीपणा काहीही नाही. फक्त तीही ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि तिचीही चाचणी घ्यावी लागते, हे लक्षात असू द्यावे.

केवळ मोठ्या आकड्यामागे धावणे

सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की लेटन्सी नॅनोसेकंदांत मिळते. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० सीएल १८ म्हणजेही १०, आणि डीडीआर५ मधील ६००० सीएल ३० म्हणजेही १० च. वेग वाढवून टायमिंग त्याच प्रमाणात सैल केली, तर बँडविड्थ वाढते पण पहिला प्रतिसाद जिथल्या तिथे राहतो.

त्याहून मोठा खड्डा गुणोत्तराचा आहे. एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसर मालिकेत इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या भागांना जोडणारी अंतर्गत वाहिनी) आणि मेमरीचा क्लॉक एकास एक असावा लागतो, आणि फॅब्रिक बहुधा १८०० ते १९०० मेगाहर्ट्झपर्यंतच साथ देते. रॅम ४००० वर नेऊन हे गुणोत्तर तुटले, तर आकडा वाढूनही लेटन्सी बिघडते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून गिअर १ (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच क्लॉकवर) वरून गिअर २ (त्याच्या निम्म्यावर) वर जाताना असाच फटका बसतो. वेग वाढवल्यावर गुणोत्तर तेच राहिले आहे का, हे दर वेळी तपासावे. आणि सीपीयू-झेड हे संगणकाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर ३६०० च्या रॅमला १८०० दाखवते म्हणून रॅम परत करायला निघू नये. डीडीआर रॅम प्रत्येक क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते, म्हणून १८०० हाच तिचा खरा क्लॉक आहे.

थोडक्यात सांगता येतील अशा आणखी काही चुका. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, तरी बोर्डचे माहितीपत्रक पाहावे. दोन वेगवेगळे संच एकत्र करून छापील वेगाची अपेक्षा धरू नये. एएमडीच्या बोर्डवर गिअर डाउन मोड (सीएल सम आकड्यावरच ठेवणारे सेटिंग) चालू असताना सीएल १५ भरले, तरी प्रत्यक्षात १६ लागू होते. डीडीआर५ मधील चिपअंतर्गत ईसीसी (चूक दुरुस्त करणारी यंत्रणा) फक्त चिपच्या आतील बिट दुरुस्त करते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरील चूक तिला दिसत नाही.

मेमरी कंट्रोलरची व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडणे ही त्याहून गंभीर चूक आहे, कारण प्रोफाइल लावताच अनेक बोर्ड ती गरजेपेक्षा वर नेतात. रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यानंतर २०२३ मध्ये एएमडीने मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या या व्होल्टेजवर, म्हणजे एसओसी व्होल्टेजवर, १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे प्रोफाइल लावल्यावर मी प्रथम ही व्होल्टेज वाचतो आणि स्वतः भरतो.

बदल केल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच बटण दाबून मशीन बंद करू नका. डीडीआर५ चे पहिले ट्रेनिंग कित्येक मिनिटे चालू शकते, आणि ते अर्ध्यात तोडल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी पूर्ण पंधरा मिनिटे थांबतो. त्यानंतरही काही झाले नाही तर पॉवर सप्लाय बंद करून केबल काढतो, बायोसची सेटिंग पुसणारे क्लिअर सीमॉसचे जंपर वापरतो आणि शेवटच्या स्थिर सेटिंगवर परततो. त्या सेटिंगची बायोसमधील छायाचित्रे फोनमध्ये असतातच.

सेटिंग मूळ पदावर आणूनही ब्लू स्क्रीन येत राहिली, तर रॅम निकामी झाली असे मानण्यापूर्वी विंडोजच्या फाइली तपासा. अस्थिर रॅमवर एखादे अपडेट बसले असेल, तर बिघडलेल्या फाइली डिस्कवर तशाच राहिलेल्या असतात. मूळ वेगावर मेमटेस्ट८६ चे चार फेरे विनाचूक झाले की मग एसएफसी आणि डीआयएसएम या विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा चालवाव्यात; हा क्रम उलटा केला, तर दुरुस्तीही त्याच चुकणाऱ्या रॅममधून जाते.